धरणवालीचं गाव

आमच्या वस्तीत लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव फक्त रेशनकार्डावर असायचं. बोलण्यात तिच्या माहेरच्या गावाचंच नाव चाले. शेजारची एकोडीवाली, तिच्या पलीकडची मोहाडीवाली, विहिरीजवळची तुमसरवाली. सासू हाक मारायची तीही "एकोडीवाले, पाणी भरून झालं का व?" अशीच. ज्या गावातून बाई उठून आली, ते गाव मरेपर्यंत तिच्या पाठीशी राही, मग तिथे तिचं कोणी उरलेलं असो की नसो. माझ्या मायचं नाव जनाबाई. पण तिला सगळे धरणवाली म्हणत, कारण तिचं गाव धरणात गेलं होतं.

आम्ही दोघी बहिणी हे ऐकतच मोठ्या झालो. उन्हाळ्यात वस्तीतली लेकरं मामाच्या गावाला जात आणि आंबे खाऊन, तोंडावर फोड घेऊन परत येत. आम्ही घरीच. धाकटी रडायला लागली की माय तिला मांडीवर घेऊन आपल्या गावाचं सांगायची. गावाच्या तोंडाशी चिंचेचं झाड होतं, त्याची चिंच गुळासारखी गोड. विहिरीला दगडाचे पाट होते. तिचा बाप तळ्यात उतरून शिंगाडे काढायचा. "उन्हाळ्यात पाणी उतरलं का त्या चिंचेचा शेंडा दिसते म्हणते," असं ती म्हणायची, आणि धाकटी डोळे मोठे करून गप्प व्हायची. मलाही ते गाव इतकं डोळ्यासमोर होतं की कुठे तळ्यातून सुकं झाड वर आलेलं दिसलं की मला वाटे, तिथेच कुठे खाली माझ्या मामाचं घर असेल. कोणतं धरण, ते मात्र मी कधी विचारलं नाही. मी तशी कोणालाच काही विचारत नसे. चौथी झाल्यावर शाळा सुटली, कारण पाचवीला सिहोऱ्याला जावं लागे आणि धाकटीला सांभाळायला घरी कोणीतरी हवं होतं. त्यानंतर माझं बोलणं इतकं कमी झालं की नवीन माणूस मला मुकी समजे. आजही चार माणसांत माझी जीभ उचलत नाही. लिहिताना तसं होत नाही, म्हणून दुपारी घरात सामसूम झाली की ही वही काढते.

दीदी आमच्या घरी आली ती बाबांच्या बोटामुळे. बाबा सिहोऱ्याच्या धानाच्या गिरणीत कामाला होते. पट्ट्यात बोट सापडलं, तेव्हा दवाखान्यातल्या नव्या कंपाउंडरने पट्टी बांधता बांधता विचारलं, "कुठे खोली मिळेल काय?" तो बंगाली होता. त्याला खोली द्यायला लोक आधी विचारत, तुम्ही कोण लोक, आणि त्याचं उत्तर ऐकून खोलीच नाही म्हणत. बाबांनी काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी एका बैलगाडीतून दोन ट्रंका, एक पितळेची कळशी, आणि पदर डोक्यावरून मागे सरकलेली, मोठ्याने हसणारी त्याची बायको आमच्या दारात उतरली. तिचं नाव शेफाली. ओसरीलगतची खोली त्या दोघांना दिली. मी तिला दीदी म्हणू लागले ते तिनेच सांगितलं म्हणून.

वस्तीतल्या बायकांनी आठवड्याच्या आतच तिला बंगालवाली करून टाकलं. एकोडीवालीने विहिरीवर तशी हाक मारली तेव्हा दीदी बादली खाली ठेवून हसली, इतकी की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे मी बी तुमच्यातलीच झाली काय व?" एकोडीवालीला त्यात हसण्यासारखं काय, ते कळलं नाही. "मंग काय, तू का आभाळातून पडली?" असं म्हणून ती आपली घागर घेऊन निघून गेली.

दीदी आली आणि आमच्या घराचा वास बदलला. माय लाखोळीची डाळ, आंबाडीची भाजी, सुक्या झिंग्यांची चटणी करायची. दीदी मोहरी वाटून मासोळीला लावायची. पहिल्या दिवशी मायने नाकाला पदर लावला. महिन्याभरात तीच दीदीच्या चुलीपाशी वाटी घेऊन उभी राहू लागली. दोघी अंगणात शेजारी शेजारी बसत, माय आपल्या पावशीवर, म्हणजे विळीवर, भाजी चिरत, दीदी आपल्या उंच, वाकड्या पात्याच्या बंगाली विळीवर, बोटीवर, मासोळी कापत. दीदीच्या मांडीखाली नेहमी एक वही दाबलेली असे. मध्येच काही सुचलं की ती बोटं पदराला पुसायची आणि लिहायची. त्या वहीच्या पानांना मासोळीचा वास यायचा, एखाद्या पानावर खवलं चिकटलेलं असायचं. आता माझ्या सुनाही मोहरीतली मासोळी करतात. त्यांना वाटतं ती आमच्या सासरचीच रीत आहे.

दीदी पेपरात लिहीत असे. ती लहान असताना तिचे आईबाप सरहद्दीपलीकडून आले, मग कॅम्पमागून कॅम्प करत इकडे पोचले, आणि कॅम्पच्या शाळेत ती मराठीत मॅट्रिक झाली. नागपूरच्या एका पेपरला आमच्या भागातून बातम्या पाठवणारं कोणी नव्हतं, तर तिने पत्र लिहून विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं. पहिल्यांदा तिने एसटीची गाडी थांब्यावर थांबत नाही, हातपंप बिघडला, असं लिहिलं. मग बायकांची ही गावाच्या नावाने हाक मारायची रीत तिच्या मनात बसली. ती बाबांना म्हणाली, "दादा, तुमच्या गावातल्या अर्ध्या लोकायले तुम्ही रोज त्यायच्या सुटलेल्या गावाच्या नावानं हाक मारता. हे कोणी लिहिलं नाही आजपर्यंत?" बाबा म्हणाले, "त्याच्यात लिहाचं काय आहे बाई?" पण तिने लिहायला घेतलं. दर रविवारी एक बाई, तिचं सुटलेलं गाव, आणि ती इथे कशी रुजली. पेपर सिहोऱ्याला दुपारी यायचा. बाबा गिरणीतून येताना आणायचे, आणि आमच्या ओसरीवर बायका गोळा व्हायच्या. ज्या बायकांचं नाव कधी घरातही कोणी घेतलं नव्हतं, त्यांचं नाव, गाव आणि त्यांच्या तोंडचे शब्द नागपुरात छापून येत होते.

तिचा एक नियम होता. ज्या बाईचं लिहिलं, तिला ते आधी वाचून दाखवायचं. तिच्याच अंगणात बसून, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. ती 'पाठव' म्हणाली तरच पाकीट गाडीवर जायचं. दुसरे पेपरवाले असं करत नाहीत, हे मला पुष्कळ नंतर कळलं. कारण विचारलं तर दीदी एकच गोष्ट सांगायची. ती लहान असताना त्यांच्या कॅम्पवर एक पेपरवाला आला होता. त्याने सगळ्यांशी गोड बोलून, चहा पिऊन, नंतर लिहिलं की या लोकांना घाणीतच राहायला आवडतं. तिच्या आईला अक्षर येत नव्हतं. आपल्यावर पेपरात आलं म्हणून तिने तो कागद घडी करून देवाजवळ ठेवला, आणि दीदी वाचायला शिकेपर्यंत त्याला रोज फूल वाहिलं.

वाचायचं काम माझ्याकडे कसं आलं, तेही सांगते. मी धाकटीला गुळाच्या पुडीचा कागद वाचून दाखवत होते. दीदी दारात उभी राहून ऐकत होती, मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी वाचतो त लोक माझ्या बोलण्यावर हासते, गोष्ट बाजूले राहते. तू वाचशील काय?" मी मान हलवून नाही म्हटलं. तिने कागद माझ्या हातात ठेवला आणि चालायला लागली, मग मला मागे जावंच लागलं. आश्चर्य असं की दुसऱ्याचे शब्द असले की माझा आवाज थरथरत नसे. पहिलं वाचन एकोडीवालीचंच. तिने हनुवटीला हात लावून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "लिवलं त बेस. पण माझ्या भासऱ्यानं बैलाच्या पायी भांडण केलं, ते काहून नाही घातलं?"

"घालतो ना," दीदी म्हणाली. "पण मंग तुझ्या भासऱ्याले बी वाचून दाखवा लागल."

"त्याले?" थोरल्या दिराचं नाव निघताच एकोडीवाली उठलीच. "राहू दे व बाई. पाठव तसंच."

सगळेच काही खूश नव्हते. थांब्याजवळ गणपतसेठचं किराण्याचं दुकान होतं, आमच्या वस्तीतले त्याच्या पायरीखाली उभं राहूनच सामान घेत. बाहेरून आलेल्या बाईने आपल्या गावाचं नागपुरात सांगावं, हे त्याला खपत नसे. त्याने पेपरला एक तक्रारीचं पत्रही लिहिलं होतं, आणि पेपरवाल्यांनी दीदीला कळवलं होतं की एकही गोष्ट खोटी निघाली तर रविवारचं बंद करू. गणपतसेठ पुडी बांधता बांधता गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "एक डाव खोटं सापडू द्या, मंग पाहा. रस्त्यावर पेपर वाचून दाखवतो." दीदी त्याच्याचकडून मीठ आणायची आणि म्हणायची, "सेठजी, तुमच्या घरची बी लिहितो एक दिवस." तो तोंड फिरवायचा.

मायची पाळी सगळ्यात शेवटी आली. दीदीला ती आधीच लिहायची होती, पण माय "माझं काय आहे लिहासारखं" म्हणून टाळायची. तरी अंगणात मासोळी आणि भाजी चिरता चिरता तिने ते सगळं गाव दीदीला सांगून टाकलं होतं, चिंच, विहीर, शिंगाडे. त्या थंडीत दीदीने ते लिहिलं. तिने आजवर लिहिलेल्यात ते सगळ्यात सुंदर होतं, असं मला वाटलं, आजही वाटतं. शेवटी तिने लिहिलं होतं की धरणवालीचं गाव पाण्याखाली आहे आणि माझं सरहद्दीखाली, आम्ही दोघी एकाच अंगणात बसून दोन बुडालेल्या गावांचं जेवण रांधतो.

सकाळची वेळ होती. माय सुपात तांदूळ निवडत होती. एकोडीवाली आणि मोहाडीवाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी वाचलं. चिंचेच्या शेंड्याचं आलं तेव्हा मोहाडीवालीने डोळे पुसले. माय खाली सुपाकडेच पाहत होती. वाचून झाल्यावर दीदीने नेहमीसारखं विचारलं, "काही बदलाचं हाये काय?"

"नाही. बेस हाये."

"पाठवू?"

मायने सूप एकदा पाखडलं. "पाठव," ती म्हणाली. आणि तिने डाव्या हातातले निवडलेले खडे परत तांदळात टाकले. ते मी पाहिलं. मला वाटलं, तिचं मन भरून आलं असेल, लक्ष नसेल.

दहाच्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचं, भंडाऱ्याला पेपरचा माणूस स्टँडवर ते घ्यायचा, अशी सोय होती. पाकीट नेणं माझं काम. त्या दिवशी मी थांब्यावर जवळजवळ पळतच गेले. तिथे सोनाआजी टोपल्यात उकडलेल्या पोपटीच्या शेंगा घेऊन बसली होती. ही वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. आम्ही तिला आजी म्हणायचो, माय तिला मावशी म्हणायची, आणि घरात काही गोड केलं की पहिली वाटी तिच्याकडे जायची. मला इतका आनंद झाला होता की मी, जी कधी आपण होऊन बोलत नाही, तिच्याजवळ बसून म्हणाले, "आजी, मायच्या गावाचं पेपरात येऊन राहिलं."

"कोणत्या गावाचं व?"

"धरणातल्या." पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं. मी कागद काढला आणि तिला वाचून दाखवायला लागले. ती आधी हसत होती. मग तिने शेंगांवरचं फडकं सारखं केलं, पुन्हा सारखं केलं. मी शिंगाड्यांपर्यंत पोचले तेव्हा तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बस कर, पोरी," ती म्हणाली. "कायचं धरण आलं. तुझ्या मायले त म्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून उचलून आणली. रोवण्याच्या दिवसात, तापानं फणफणत होती. सहा-सात वर्साची असन. धरणाचं त म्याच सांगितलं तिच्या लग्नात, तुझा आजा वस्तीत नवाच आला होता, त्यानं गाव इचारलं तवा. मंग काय सांगतो? गावच माहीत नाही म्हणू?"

मी कागदाची घडी घालू लागले. ती पुढे म्हणाली, "बुढ्या लोकायले माहीत हाये सगळं. गणपतच्या बापाच्याच बांधीवर गावली ती. गणपतनं डोळ्यानं पाहिलं हाये."

गाडी आली. कंडक्टर ओळखीचा होता, त्याने दारातून हात पुढे केला. "आण व पोरी, पाकीट. गाडी निघून राहिली."

मला आजही तो हात दिसतो, काळ्या पट्ट्याचं घड्याळ घातलेला. पाकीट दिलं तर रविवारी गणपतसेठ पेपर घेऊन रस्त्यावर उभा राहणार. माझ्या मायला सगळ्या गावासमोर खोटी म्हणणार, आणि दीदीचं लिहिणं त्या दिवशी संपणार. नाही दिलं तर माय 'पाठव' म्हणाली होती, दीदीने विश्वासाने माझ्या हाती दिलं होतं, आणि ते दोघींना सांगण्याचं तोंड मला नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "काय झालं? मुकी हाये काय?" गाडीतली माणसं हसली. मी पाकीट पदरात घेतलं आणि दोन पावलं मागे सरकले. त्याने घंटी मारली. गाडी गेली.

घरी आले तेव्हा दीदी बोटीवर मासोळी कापत होती, माय चुलीवर तांदळाच्या पिठाचे आयते टाकत होती. दीदीने पाकीट पाहिलं. "गाडी चुकली?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग?"

मी मायसमोर जाऊन उभी राहिले. तव्यावरचा आयता करपायला लागला होता. "माय," मी म्हटलं, "तुझं गाव कोणतं?"

मायने आधी माझ्याकडे, मग माझ्या पदरातल्या पाकिटाकडे पाहिलं. तवा खाली उतरवला. "मावशी भेटली काय?" एवढंच म्हणाली.

दीदी उठली. तिचे हात मासोळीने भरलेले होते. "मी आत जातो," ती म्हणाली. "तुम्ही मायलेकी बोला."

"बस तू," माय म्हणाली. "तुलेच त खोटं सांगितलं."

मग तिने सांगितलं. मी ते तिच्याकडून पुन्हा कधी ऐकलं नाही, म्हणून जेवढं आठवतं तेवढं लिहिते. तिचे आईबाप धानाच्या रोवणीसाठी डोंगरापलीकडून आलेल्या टोळीबरोबर आले होते. टोळी गावोगाव फिरायची. तिला ताप आला. आईने तिला बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, पळसाच्या सावलीत बसवलं, जवळ गडव्यात आंबील ठेवलं, आणि दुसऱ्या गावची रोवणी उरकून तिकडूनच येतो म्हणून टोळी गेली. आली नाही. सोनाआजीने तिला घरी नेलं, बरं केलं. येणारा जाणारा विचारायचा, पोरी तुझं गाव कोणतं. "मी म्हणायची, घर," माय म्हणाली. "लोक हासत. त्या वयात मले का माहीत, गावाले नाव राह्यते म्हणून? चिंच होती, ते खरं हाये. इहीर होती का नाही, आता मलेच समजत नाही. पोरीयले सांगता सांगता मी एक एक ठेवत गेली. बाकीच्यायले मामाचं गाव होतं, माह्या पोरीयले नव्हतं."

तेव्हा मला एक गोष्ट उमगली. दरवर्षी रोवण्याच्या दिवसांत बाहेरच्या टोळ्या आल्या की माय मोठ्या गंजात आंबील घेऊन बांधीवर जायची. एकेकीला पेला भरून द्यायची आणि विचारायची, तुमचं गाव कोणतं? गावात कोणी हरवलं होतं काय? मी गंज धरून मागे उभी असायचे. मला वाटायचं, माय दयाळू आहे. दयाळू होतीच.

दीदीने त्या सगळ्या वेळात वहीला हात लावला नाही. माय थांबल्यावर ती म्हणाली, "धरणवाली, माझ्या गावचं तळं, सुपारीची झाडं, मी तुले सांगतो ना? मी आईच्या कडेवर होती निघालो तवा. मी काहीच पाहिलं नाही. आईनं सांगितलं तेच सांगतो. पण मले वाटते का मी पाहिलं."

मायने तव्यावरचा करपलेला आयता काढून टाकला. मग म्हणाली, "मासोळी कापून घे व. मांजर पाहून राहिली."

दोघी हसल्या. मला रडू आलं होतं, कोणाचं लक्ष नव्हतं. दीदीने पाकिटातला कागद काढून मायच्या हाती दिला. "हा तुझा. खरं लिहू काय मंग?"

"नोको," माय म्हणाली. "आत्ताच नोको. पोरीयचे लग्नं व्हाचे हाये."

"नाही लिहीत."

रविवार तर तोंडावर होता. दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीने काहीतरी जायलाच हवं होतं. दीदीने दुपारी बसून स्वतःचं लिहिलं. वर नाव दिलं, बंगालवाली. लिहून झाल्यावर तिने तो कागद माझ्यासमोर धरला. मी विचारलं, कोणाच्या अंगणात वाचू? "ज्या बाईचं लिहिलं तिच्या," ती म्हणाली, आणि ओसरीच्या पायरीवर, बाकीच्या बायका बसत तशी, हनुवटीला हात लावून बसली. मी तिला तिचंच वाचून दाखवलं. त्यात तिने लिहिलं होतं की मी आजवर ज्या गावाच्या गोष्टी सांगत आले, ते गाव मी पाहिलेलं नाही, पेपरात लिहिणारीने हे आधीच सांगायला हवं होतं. आणि मला नाव दिलं ते या वस्तीतल्या बायकांनी, विहिरीवर, पाणी भरताना. वाचून झालं. नेहमी दीदी विचारायची ते आता मला विचारावं लागलं, "दीदी, काही बदलाचं हाये काय?" तिने डोळे पुसले. "पाठव," ती म्हणाली.

कंडक्टरने दुसऱ्या दिवशी पाकीट घेताना म्हटलं, "काल काय झालं होतं व?" मी म्हटलं, "काल लिहिलेलं बरोबर नव्हतं." तो चकित झाला, कारण माझा आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला होता. रविवारी गणपतसेठने पेपर वाचला. त्याच्या दुकानात रविवारच्या पेपरात सोमवारी गूळ बांधून मिळे, आणि तो पेपर काही पुडीला लागला नाही. पुढे वर्षभराने दीदीने त्याच्या आईचं लिहिलं. ते मी त्याच्या ओसरीवर बसून वाचलं. आमच्या वस्तीतली मी पहिलीच, त्या ओसरीवर बसलेली.

कंपाउंडरदादांची बदली भंडाऱ्याला झाली, मग नागपूरला. दीदी लिहीतच राहिली. कॅम्पमधल्या म्हाताऱ्यांचं, विटाभट्टीवरच्या बायांचं, मच्छीमारांचं, कोशाचं रेशमी कापड विणणाऱ्यांचं. लोक सांगत की ती आता मोठी पत्रकार झाली, तिचा सत्कार झाला, मुलं तिच्याकडे शिकायला येतात. मी लग्न होऊन भंडाऱ्याजवळ आले आणि, आमच्या वस्तीजवळचं मोठं गाव सिहोरा म्हणून, सिहोरावाली झाले. ती येऊन भेटायची, पिशवीत मोहरी घेऊन. शेवटपर्यंत तिने तो नियम सोडला नाही. पायरीवर बसून, चष्मा कपाळावर सरकवून, ती लोकांना त्यांचंच वाचून दाखवायची. पेपरवाले घाई करत. ती म्हणायची, थांबा, अजून अंगणात वाचायचं बाकी आहे. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं, मूळच्या बंगालच्या. मी मायला वाचून दाखवलं. माय आता माझ्याकडेच असते. ती रागावली. "असं कसं लिवलं? इचारलं काय कोणाले? आपल्या अंगणातली होती ती."

तिच्या त्या रागामुळेच मी हे लिहायला बसले. कोणाला दाखवायचं नव्हतं. पण लिहून झाल्यावर नियम आठवला. काल दुपारी मायजवळ बसून पहिल्यापासून सगळं वाचलं. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, झोप लागली. मी वाचत राहिले.

संपल्यावर ती तशीच पडून म्हणाली, "एक चुकलं."

"काय व, माय?"

"धुऱ्यावर बसवून गेले म्हणून लिवलं तू. बसवून नाही गेले. निजली होती मी. तापात होती. जागी राहिली असती त मी रडली असती, अन् मंग ते गेले नसते." तिने पदर खांद्यावर ओढला. "तसं लिव."

वरचं खोडत नाही, इथेच लिहून ठेवते. ती निजली होती.

मी वही मिटली. माय कुशीवर वळली. "पोरीयचे लग्नं त झाले," ती म्हणाली. "नातवाचं बी झालं. आता पाठव."

"कुठं पाठवू व, माय? दीदी त नाही आता."

"पेपरवाल्यायले पाठव. मूळची कोठची, ते त्यायले समजू दे." मग माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "दहाची गाडी असते ना अजून?"